सोनं धुणाऱ्या पन्हळीचा संशय

कोण आहे तिकडे? पुढे या, असे उजेडात या. हातात काय आहे? काही नाही? मग मुठी कशाला झाकल्यात? बरं, बसा. लपाछपी खेळताना या छपरीत शिरलात, एवढंच तुमचं म्हणणं ना? असेल. पण मी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही, मित्रांनो, आणि का ठेवत नाही ते ऐकायचं असेल तर गडबड न करता बसा.

मी एक जुनी पन्हळ आहे. छपरावरचं पावसाचं पाणी खाली सोडते ती नव्हे. मी सोनं धुणारी पन्हळ. हसू नका. आता माझ्या फळ्यांना भेगा पडल्यात आणि कोपऱ्यात कोळ्यानं जाळं विणलंय, म्हणून तुम्हाला खोटं वाटतंय.

काही नद्यांच्या वाळूत सोनं असतं. असतं म्हणजे पिठासारखं, कधीमधी एखादा मोहरीएवढा दाणा. पाणी ते डोंगरातून खरवडून आणतं आणि वळणावर जोर ओसरला की रेतीखाली टाकून पुढे जातं. ते वेचता येत नाही, धुऊनच काढावं लागतं. त्यासाठी मी. माणूस आडवा झोपला तर जेवढा होईल तेवढी माझी लांबी, तळाला आडव्या पट्ट्या, पट्ट्यांखाली जाड कांबळं. मला काठावर उतरती ठेवायची. वरच्या तोंडाशी एकानं रेती टाकायची, दुसऱ्यानं डब्यानं पाणी सोडायचं. हलकी रेती वाहून जाते. जड असतं ते पट्टीआड बसतं, कांबळ्यात अडकतं. काम उरकलं की कांबळं टबात झटकायचं, खाली बसलेली काळी रेती लाकडी परातीत घेऊन गोल गोल फिरवायची, आणि शेवटी परातीच्या कडेला एक पिवळी रेघ राहते. त्या रेघेसाठी अख्ख्या घराची कंबर मोडते.

मला बनवलं ते या घराच्या धन्यानं. लाकूड त्यानं स्वतः निवडलं, रंधा स्वतः मारला, आणि तेही दाराकडे पाठ करून. पट्ट्यांमधलं अंतर तो बोटांनी मोजायचा आणि तोंडानं काहीतरी दुसराच आकडा पुटपुटायचा, म्हणजे कुणी कान लावून बसलंच तर फसावं. शेजारी आला की माझ्यावर गोणपाट पडायचं. उतार किती ठेवायचा हे त्यानं बायकोला सांगितलं नाही, पोरांनाही नाही. सांगितलं की फुटतं, असं त्याचं ठाम मत होतं. म्हणून तो घरात फक्त हुकूम सोडायचा. कांबळं उन्हात घालायचं नाही. रेती धुण्याच्या दिवसांत बायकांनी केसांना तेल लावायचं नाही. का, असं कुणी विचारलं की तो जेवणाचं ताट बाजूला सारून उठायचा. मग विचारणं आपोआप बंद झालं.

ते माझे चांगले दिवस होते. रोज सकाळी न्हायचं, दुपारी छपरीत विसावायचं. काठावर सगळे म्हणायचे की अशी पन्हळ दुसरी नाही. सोनारसुद्धा एकदा मुद्दाम बघायला आला आणि माझ्या कडेवरून हात फिरवत राहिला. कौतुक करत होता की पट्ट्या मोजत होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

मग एका हिवाळ्यात धन्याला खोकल्यानं गाठलं आणि तो गेला. त्याची सगळी कारणं त्याच्याबरोबर गेली, हुकूम तेवढे मागे राहिले. घरात उरली त्याची म्हातारी बायको आणि तिचे दोन मुलगे. म्हातारीनं सोन्याची काचेची बाटली दोरीनं गळ्यात अडकवली आणि झोपतानाही काढली नाही. थोरला मुलगा बिनलग्नाचा, कामाला वाघ, पण सगळ्यांच्या हातांकडे बघत जेवणारा. महिन्याअखेरीस बाटली घेऊन सोनाराकडे तोच जायचा, तोही एकटा. धाकटा मनानं चांगला, पण त्याचं तोंड फक्त घास घालायला उघडायचं. मला वापरायचे सगळे, माझ्याकडे बघायचं मात्र कुणी नाही. उन्हानं माझ्या फळ्या तडकायला लागल्या. पुसणं नाही, झाकणं नाही. दुपारी भिंतीला टेकवायचं आणि चालू पडायचं.

अशात धाकट्याचं लग्न झालं आणि सून घरात आली. तिचा बाप नावा दुरुस्त करायचा. लाकडाच्या वासात वाढलेली पोर, आल्या दिवशीच छपरीत येऊन तिनं माझ्या भेगेवर बोट ठेवलं आणि चक चक केलं. माझ्या मनात लगेच शंकेची पाल चुकचुकली. पहिल्याच दिवशी हिला माझ्या भेगांशी काय काम?

घरातही तिच्याबद्दल तसंच होतं. तिला पाणी ओतायला ठेवलं, पण पट्ट्या बसवताना बाजूला व्हायला सांगितलं जायचं. परात फिरवायच्या वेळी म्हातारी तिला चूल बघायला पाठवायची. माहेरी जाऊन बोलेल, असं थोरला म्हणायचा. तिला नियम मिळाले, बाकी काही नाही. केसांना तेल लावायचं नाही हे ऐकल्यावर तिनं सरळ विचारलं की का. म्हातारी म्हणाली, आमच्यात नाही लावत. तिनं दुसऱ्या दिवशी परत विचारलं, तिसऱ्या दिवशी परत. शेवटी म्हातारीच्या अंगाचा तिळपापड झाला आणि तिनं तेलाची बरणी उचलून स्वतःच्या खाटेखाली नेऊन ठेवली. सुनेनं त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. सासू चिक्कू आहे, तेल वाचवते.

आणि मग तिनं एक काम केलं. दुपारी सगळे जेवून आडवे झाले की ती पाय न वाजवता छपरीत यायची. वाटीत थोडं तेल आणि एक चिंधी. माझ्याशेजारी बसायची आणि माझ्या फळ्यांना, एकेका पट्टीला तेल चोळायची. तिच्या बापाकडे प्रत्येक नावेला असंच करतात, नाहीतर लाकूड मरतं, असं ती माझ्याशीच बोलायची. तेल अर्थातच म्हातारीच्या खाटेखालचं. मागून मिळणार नव्हतं, म्हणून डोळा चुकवून आणलेलं.

मित्रांनो, खरं सांगू? मला फार बरं वाटलं. धनी गेल्यापासून मायेचा हात म्हणून नव्हता. माझ्या भेगा मिटल्या, अंग तुकतुकीत झालं. पहिले काही दिवस मी तिच्या बोटांवर नजर ठेवून होते. पट्टीआड काही राहिलंय का, ते उचलते का, ओढणीला पुसते का. नाही. ती द्यायला यायची, न्यायला नाही. सगळ्या घरात ही एकच अशी आहे, हे मी मनाशी पक्कं केलं.

आणि त्याच सुमारास सोनं आटलं.

तीच नदी, तेच वळण, तीच रेती. पण परातीच्या कडेची रेघ रोज बारीक व्हायला लागली. दाणे यायचे, पीठ नाही. म्हातारी बाटली उजेडात धरून हलवायची आणि ओठ घट्ट मिटायची. घर त्या बाटलीवर चालत होतं, दुसरं काही नव्हतं. कुठंतरी पाणी मुरत होतं, हे प्रत्येकाला कळत होतं. मग जेवताना कुणी कुणाशी बोलेना. थोरला कांबळं झटकायला बसला की म्हातारी मुद्दाम समोर येऊन बसायची. म्हातारी परात फिरवायला लागली की थोरला तिच्या मागे उभा. धाकटा दोघांकडे आळीपाळीनं बघायचा. माझा संशय थोरल्यावर होता, लपवत नाही. एकटा सोनाराकडे जाणारा माणूस, त्याला काय अवघड? कधी वाटायचं नदीच्या वरच्या अंगाला कुणीतरी गुपचूप रेती उकरतंय. एकदा तर नदीचाच संशय आला.

म्हातारीला एक गोष्ट राहून राहून खटकायची आणि ती थोरल्याला बोलून दाखवायची. हा कसला चोर, दाणे ठेवतो आणि पीठ नेतो? थोरला म्हणायचा, हुशार चोर असणार. दाणा गेला तर लगेच दिसतो, पीठ गेलेलं कुणाला कळतंय.

एका दुपारी त्याला झोप लागली नाही. तो पाणी प्यायला उठला आणि छपरीच्या फटीतून त्यानं सुनेला पाहिलं. माझ्यात वाकलेली, हात तळाशी, शेजारी वाटी. पाऊल वाजलं तशी तिनं घाईनं वाटी ओढणीआड घेतली. तो गुपचूप मागे फिरला. असं गुपचूप फिरणारं माणूस मला मुळीच आवडत नाही. त्याच वेळी आत येऊन त्यानं विचारलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून नवा नियम निघाला. काम संपल्यावर छपरीत हात धुऊनच घरात यायचं, आणि ते पाणी परातीत पडलं पाहिजे. नियम सगळ्यांना, असं सांगितलं गेलं. धुवावे लागले एकट्या सुनेला. ती हात धुवायची आणि म्हातारी परातीच्या तळाकडे टक लावून बघायची. तळाशी काही नसायचं. मग तिचा कंगवा तपासला, कपड्यांचं गाठोडं सोडलं, नखं उलटून पाहिली. सुनेला काय चाललंय ते कळलं नव्हतं असं नाही. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं. धाकट्यानं नदीकडे पाहिलं.

शेवटी बरणीनं घात केला. म्हातारीनं खाटेखालून बरणी काढली आणि झाकण उघडलं, तर तेल तळाला गेलेलं. सगळ्यांसमोर विचारणा झाली, इथंच, माझ्यापुढे. सुनेनं काही लपवलं नाही. तेल आपण घेतलं, पन्हळीला लावायला घेतलं, मागितलं असतं तर दिलं नसतं म्हणून न विचारता घेतलं, असं तिनं सांगून टाकलं. थोरला जोरात हसला. पन्हळीला कुणी तेल लावतं का? त्यानं माझ्यावरून बोट फिरवलं, ते चकाकलं, आणि त्याला सगळं उलगडल्यासारखं झालं. बोटाला तेल लावलं की पीठ चिकटतं, दाणे चिकटत नाहीत. म्हणून पीठ गेलं. म्हणून तेल गेलं. म्हातारीला जे खटकत होतं त्याचंही उत्तर मिळालं.

मला ओरडावंसं वाटत होतं. पण मला तोंडं आहेत ती दोन, आणि दोन्हींतून फक्त पाणी जातं.

ठरलं असं की उद्या तिला माहेरी पोचवायचं, कायमचं. कारण गावाला सांगितलं जाणार नव्हतं, पण गाव ते ओळखणारच होतं. तिनं धाकट्याला एवढंच विचारलं, "तुम्हालाही तसंच वाटतं?" तो म्हणाला की घरचे म्हणतायत तर. वाक्य त्यानं पुरं केलं नाही.

त्याच दुपारी म्हातारीनं तिला शेवटचे हात धुवायला लावले. सुनेनं धुतले, पुसले आणि ती आत गेली. म्हातारी सवयीनं परातीवर वाकली. तळ स्वच्छ. ती उठणार, तेवढ्यात पत्र्याच्या फटीतलं ऊन पाण्यावर पडलं आणि ती तशीच थबकली. तळाशी नव्हतं. वर होतं. पाण्यावर तेलाचा पातळ पापुद्रा आणि त्यात चमचमणारी बारीक पिवळी पूड, तरंगत होती.

तिचे डोळे आधी लकाकले. सापडलं, असं त्या डोळ्यांत मी वाचलं. तिनं पूड बुडवायला बोटानं दाबली. ती बाजूला सरकली आणि परत वर. सोनं, लोखंडाहून जड, आणि पाण्यावर तरंगतंय. म्हातारीनं आयुष्यात असं पाहिलं नव्हतं. तिनं गळ्यातली बाटली काढली. चिमूटभर पूड स्वच्छ पाण्यात सोडली, ती सरळ तळाला गेली. मग तिनं बरणीत बोट बुडवलं, त्याच बोटानं दुसरी चिमूट चोळली आणि सोडली. ती पाण्यावर राहिली. तिनं हळूच परात कलती केली तर ती पूड पाण्याबरोबर कडेवरून निघूनही गेली.

म्हातारीनं परात खाली ठेवली. ती माझ्याकडे बघत होती आणि मला तेव्हा कळलं. कुणी काही नेलं नव्हतं. तेल लागलेल्या माझ्या फळ्यांवरून, पट्ट्यांवरून ते पीठ रोज वरच्या वर तरंगत नदीत जात होतं. जे माझ्या पट्टीआड थांबायला हवं होतं, ते मला शिवतच नव्हतं. केसांना तेल लावायचं नाही ते एवढ्यासाठी, केसांचं तेल हातांवरून रेतीत उतरू नये म्हणून. धन्याला ठाऊक असणार. त्यानं हिला सांगितलं नव्हतं, आणि हिनं पुढे नुसता हुकूम दिला होता.

आता ही उठेल, घरात जाईल आणि सुनेचा हात धरेल, असं तुम्हाला वाटतं ना? मलाही क्षणभर वाटलं. म्हातारी उठली ती चुलीकडे गेली. गरम पाणी आणि राख घेऊन आली आणि मला घासायला बसली. एक एक पट्टी काढून, कोपरा अन् कोपरा. माझा संशय त्या घासण्यात वाढत गेला. पुरावा पुसायला माणूस असंच घासतं.

सकाळी सून गाठोडं बांधत होती आणि बाकीचे तिघे मला घेऊन नदीवर आले. रेती पडली, पाणी सुटलं, आणि माझ्या पट्ट्यांआड ते ओळखीचं जडपण परत बसायला लागलं. छपरीत येऊन परात फिरवली तर रेघ अशी रुंद आली की धाकटाही वाकून बघायला लागला. थोरल्यानं मांडीवर थाप मारली. चोराचा हात एक दिवस बाजूला झाला, बघा लगेच फरक. आता तरी पटलं ना, असं तो धाकट्याला म्हणाला. धाकट्यानं मान खाली घातली. म्हातारी परातीकडे बघत बसली होती. तिला एक शब्द बोलायचा होता, आणि तो तिच्या तोंडून निघेना. अहो, काल कळलंय ना तुम्हाला, मी मनातल्या मनात बोंब मारत होते.

तेवढ्यात सून दारात आली. गाठोडं खांद्याला. सासूच्या पाया पडायला वाकली, तेव्हा म्हातारीनं तिचा दंड धरला.

"हिनं काही नेलेलं नाही," म्हातारी म्हणाली. तिनं बरणी मागवली, बोट बुडवलं, आत्ताच काढलेल्या पुडीची चिमूट चोळून पाण्यात सोडली. सगळे बघत राहिले. पूड तरंगत होती. थोरल्यानं दोनदा स्वतः करून पाहिलं. मग तो म्हणाला की म्हणजे नुकसान हिच्यामुळेच झालं.

"हिनं तीनदा विचारलं होतं, तेल का नाही म्हणून," म्हातारी म्हणाली. "मला कारण माहीत नव्हतं. आणि माहीत नाही, हे मला सुनेला सांगायचं नव्हतं. नुकसान त्यानं झालं."

मला वाटलं, संपलं. आता गाठोडं खाली ठेवलं जाईल. सून मात्र माझ्याकडे बघत होती. तिनं पुढे होऊन माझ्या फळीवरून तळवा फिरवला, तो उलटा करून पाहिला. कोरडा होता. फळीला राखेचा वास येत होता.

"आई, ही पन्हळ घासली कधी?"

"काल दुपारी."

"म्हणजे तुम्हाला काल कळलं होतं."

म्हातारीनं मान डोलावली.

"मी काल रात्रभर जागी होते," सून म्हणाली. "भिंतीच्या पलीकडे तुम्हीही जाग्या होतात. मला ऐकू येत होतं."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाली असती. तिनं वाकून पाया पडणं पुरं केलं, गाठोडं सावरलं आणि ती बाहेर पडली. म्हातारी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. थांब म्हणायचा हक्क आपल्याला उरलाय का, हे तिला कळत नव्हतं, असं मला दिसलं. तेव्हा धाकट्यानं तोंड उघडलं. "थांब, मी येतो," तो म्हणाला, आणि चपला हातात घेऊनच तिच्यामागे पळत गेला.

दोघं नावा दुरुस्त करणाऱ्याकडेच राहिली. सुखात आहेत म्हणतात. म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, पण हे खरं असावं असं मला फार वाटतं. इकडे म्हातारी आणि थोरला अशा दोघांतच रेती उकरायची, वाहायची आणि मला चालवायचंही, ते जमेना. थोरला दुसरीकडे मजुरीला जायला लागला. मी या भिंतीला टेकले ती टेकलेच, भेगा परत उघडल्या. म्हातारी अजून कधी कधी येते आणि समोरच्या पाटावर बसते. तेल हातात घेऊन येत नाही, राखही नाही. आता मी नदीवर जाणार नाही, तेव्हा तेल लावलं तरी चालेल, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. कुणाच्या हाती एखादी वस्तू दिलीत तर ती कशी सांभाळायची हे सांगा, आणि का, तेही सांगा. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा, त्यानं नाक कापलं जात नाही. संशय येईल. येऊ द्या, मलाही येतो, तुमचा सुद्धा आला होता. पण ज्याच्यावर घेतलात त्याची चूक नाही हे ज्या क्षणी कळेल, त्याच क्षणी उठा आणि त्याच्यापाशी जा. आधी पन्हळ घासायला बसू नका. म्हातारी खोटं बोलली नाही. सगळं खरं सांगितलं तिनं, सगळ्यांसमोर सांगितलं, स्वतःच्या तोंडानं सांगितलं. फक्त एक रात्र उशिरा.